अग्निशमन कराची ओळ कुठे जाते? महानगरपालिकेचं बजेट सुरक्षेच्या नजरेने कसं वाचायचं

घरपट्टीचं बिल एकदा सावकाश वाचा. सामान्य कर, शिक्षण कर, वृक्ष कर, रोजगार हमी कर अशी उतरंड असते आणि बऱ्याच महानगरपालिकांच्या बिलात ‘अग्निशमन कर’ अशीही एक ओळ असते. रक्कम एवढीशी असते की नजर तिच्यावरून घसरून पुढे जाते. माझीही जायची.

मग एका मे महिन्यात रात्री साडेअकराला आमच्या इमारतीच्या मीटर रूममधून धूर यायला लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मेन स्विच पाडला, मुलांनी कुंड्यांमधली माती आणून टाकली, आणि म्हाताऱ्या माणसांना खुर्च्यांवर बसवून आम्ही सगळे गेटपाशी उभे राहिलो. फायर ब्रिगेडची गाडी आली, पण आमच्या रस्त्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमध्ये अडकली. जवान होज खांद्यावर टाकून धावत आले. कुणाला काही झालं नाही. त्याच आठवड्यात सोसायटीची फाइल चाळताना बिल समोर आलं आणि त्या ओळीवर मी पहिल्यांदा थांबले. हा पैसा जातो कुठे?

उत्तर शोधायला मला दोन वर्षं लागली, कारण कुठलं पुस्तक मागायचं आणि त्यातलं कुठलं पान उघडायचं हेच ठाऊक नव्हतं. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. लोकलच्या पट्ट्यातली, दर वर्षी नवे टॉवर उभे राहणारी जी शहरं आहेत, वसई-विरार, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, पनवेल, पिंपरी-चिंचवड, त्यांच्यापैकी कुठेही तुम्ही राहत असाल तरी पद्धत हीच.

आधी पोलिसांना बाजूला काढा

‘शहराची सुरक्षा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोलीस येतात. पण पोलीस हा राज्याचा विषय. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, पिंपरी-चिंचवडचं १५ ऑगस्ट २०१८ ला. या दोन्हींचे पगार राज्याच्या गृह विभागातून होतात. महानगरपालिकेच्या बजेटमध्ये पोलीस ठाण्याचा खर्च शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. फार तर वाहतूक वॉर्डनचं मानधन किंवा सीसीटीव्हीचा एखादा हप्ता सापडेल.

महानगरपालिकेची जबाबदारी वेगळी आहे आणि ती कायद्यात लिहिलेली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम ६३ म्हणजे बंधनकारक कर्तव्यांची यादी. अग्निशमन दल ठेवणं, रस्त्यांवर दिवे लावणं, गटारं बांधणं आणि साफ ठेवणं, धोकादायक इमारती सुरक्षित करणं किंवा हटवणं, हे सगळं त्यात येतं. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं आहेत. हा फरक लक्षात ठेवा, कारण सभागृहात ‘निधी नाही’ असं उत्तर येतं तेव्हा ‘हे ६३ मधलं की ६६ मधलं?’ एवढा प्रश्न पुरतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवेची स्वतंत्र नोंद आहे.

योग्य पुस्तक मिळवा

वेबसाइटवर बहुधा ‘अर्थसंकल्प’ किंवा ‘अंदाजपत्रक’ या नावाखाली पीडीएफ असते. लेखा विभागाचं पान बघा, मुखपृष्ठावर नसते. तिथे तीन प्रकारची कागदपत्रं सापडतात: आयुक्तांचं निवेदन, ‘अंदाजपत्रक एका दृष्टिक्षेपात’ असा दोन पानी गोषवारा, आणि जमा-खर्चाचं मूळ पुस्तक. बातम्या पहिल्या दोनांवरून होतात. तुम्हाला हवं आहे तिसरं.

हे पुस्तक पुष्कळदा स्कॅन केलेलं असतं किंवा जुन्या फाँटमध्ये असतं, त्यामुळे शोधपट्टीत ‘अग्निशमन’ टाइप करून काही सापडत नाही. हिरमुसू नका. छापून घ्या किंवा मोठ्या स्क्रीनवर पान पान उलटत जा. मी पहिल्या वर्षी दोन रविवार घालवले. आता दीड तासात काम होतं, कारण विभागांचा क्रम दर वर्षी जवळपास तोच असतो.

वेबसाइटवर पुस्तक नसेल तर सोमवारची वाट धरा. २०१८ च्या शासन निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ओळखपत्र न्या, वही-पेन न्या, आणि लेखा विभागात जाऊन नम्रपणे पण ठामपणे पुस्तक मागा. तिथले लिपिक सहसा मदत करतात. आमच्याकडे ज्या बाईंनी मला ‘हेड’ म्हणजे लेखाशीर्ष (जमा-खर्चाच्या एकेका बाबीचं नाव) कसं वाचायचं ते दाखवलं, त्यांच्यामुळेच हा लेख लिहिता येतोय.

पाच रकाने

पुस्तक उघडलं की डावीकडे लेखाशीर्षाचं नाव आणि उजवीकडे आकड्यांचे रकाने दिसतात. मांडणी थोडी इकडेतिकडे असते, पण साधारण असे: गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, डिसेंबरअखेरचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि येत्या वर्षाचा अंदाज.

बातमी शेवटच्या रकान्याची होते. तुम्ही डिसेंबरअखेरच्या रकान्यापासून सुरुवात करा.

एक काल्पनिक ओळ घेऊ. ‘अग्निशमन वाहने खरेदी’: गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च २ कोटी, चालू वर्षाचा मूळ अंदाज ४० कोटी, डिसेंबरअखेर प्रत्यक्ष ६ कोटी, सुधारित अंदाज १८ कोटी, येत्या वर्षाचा अंदाज ४५ कोटी. पेपरात मथळा येणार, ‘अग्निशमन दलासाठी ४५ कोटी’. आता हीच ओळ डावीकडून वाचा. गेल्या मार्चमध्ये ४० कोटी जाहीर झाले. नऊ महिन्यांत ६ खर्च झाले. आकडा गुपचूप १८ वर आला, म्हणजे उरलेल्या तीन महिन्यांत आणखी १२ कोटी खर्च होतील असं गृहीत धरलंय, जे टेंडर निघालं नसेल तर होणार नाही. आणि ज्या विभागाला ४० पैकी ६ खर्चता आले, त्याला पुढच्या वर्षी ४५ देऊ केलेत. ४५ या आकड्यात तुमच्या इमारतीसाठी नेमकं काय आहे, हे विचारायचा हक्क तुम्हाला या एका ओळीने मिळतो.

तीन शब्द इथेच समजून घ्या. ‘टोकन तरतूद’ म्हणजे हजार-लाख रुपये ठेवून लेखाशीर्ष जिवंत ठेवणं. त्यातून काम होत नाही. ‘वर्गीकरण’ म्हणजे वर्षाच्या मधे एका शीर्षाचा पैसा दुसऱ्याकडे वळवणं. वर्षअखेरीस कुठल्या शीर्षातून काढून कुठे दिला, ते स्थायी समितीच्या ठरावांत सापडतं. ‘दायित्व’, ज्याला कार्यालयात सगळे स्पिल ओव्हर म्हणतात, ती मागच्या कामांची थकलेली बिलं असतात. नव्या वर्षाच्या तरतुदीतला मोठा भाग आधी त्यातच जातो.

‘इतक्या लाखांचं शिलकी अंदाजपत्रक’ या वाक्याने मात्र हुरळून जाऊ नका. वर्षअखेर शिल्लक दाखवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणून ती दर वर्षी दिसते.

विखुरलेले पैसे एका वहीत आणा

‘सार्वजनिक सुरक्षा’ नावाचं प्रकरण या पुस्तकात नसतं. आणि ‘सुरक्षा’ हा शब्द जिथे दिसतो, तिथे बहुतेक वेळा तो महानगरपालिकेच्या स्वतःच्या इमारती, पाण्याच्या टाक्या, रुग्णालयं यांच्या गेटवरच्या पहारेकऱ्यांचा खर्च असतो, सुरक्षा रक्षक मंडळाचा किंवा महाराष्ट्र सुरक्षा बलाचा. तो आकडा मोठा असतो आणि नागरिकांच्या सुरक्षेत धरला की हिशेब पार बिघडतो. मी पहिल्या वर्षी ही चूक केली होती.

म्हणून वहीत स्वतःचं पान आखा. अग्निशमन विभागाची सगळी शीर्षं एकत्र लिहा: पगार, इंधन, वाहन दुरुस्ती, गणवेश आणि श्वसन उपकरणं, प्रशिक्षण, केंद्रांचं बांधकाम, वाहन खरेदी. त्याखाली आपत्ती व्यवस्थापन: नियंत्रण कक्ष, बोटी, पावसाळी मनुष्यबळ. मग विद्युत विभागातून पथदिव्यांची देखभाल (वीजबिल वेगळं लिहा, ते वीज कंपनीला जातं आणि त्याने बंद दिवा लागत नाही). बांधकाम विभागातून नालेसफाई, मॅनहोलची झाकणं आणि जाळ्या, पादचारी पूल, धोकादायक पुलांची तपासणी. अतिक्रमण विभागातून पाडकाम. आकाशचिन्ह व परवाना विभागातून होर्डिंगची तपासणी, कारण १७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याला होर्डिंग पडून ५ आणि १३ मे २०२४ ला घाटकोपरला १७ माणसं गेली. आरोग्य विभागातून भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि रेबीजची लस. एवढं केलंत की तुमच्या शहराचं सुरक्षेचं बजेट पहिल्यांदाच एका पानावर आलेलं असेल.

धोकादायक इमारतींपाशी जरा थांबा, कारण उपनगरी शहरांत तिथे एका घटनेत कितीतरी माणसं जातात. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ जण गेले. २७ ऑगस्ट २०२५ ला, गणेश चतुर्थी उजाडायच्या आत, विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जण गेले. तिथे गल्ली इतकी अरुंद होती की यंत्रं आत नेता येईनात, सुरुवातीला ढिगारा हातांनी उपसावा लागला.

दर वर्षी पावसाळ्याआधी महानगरपालिका यादी जाहीर करते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तीस वर्षांहून जुन्या इमारतीला संरचनात्मक तपासणी करून घेण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ मध्ये आहे. यादी सगळे छापतात. तुम्ही पुस्तकात एकच गोष्ट शोधा: सी-१ मधली माणसं राहणार कुठे, त्यासाठी काय तरतूद आहे? संक्रमण शिबिर, भाड्याची घरं, रिकाम्या शाळांची डागडुजी, कुठल्याही नावाने असो. ती ओळ नसेल, किंवा तिथे टोकन तरतूद असेल, तर नोटीस भिंतीवर चिकटते आणि कुटुंबं आतच राहतात. घर सोडून फुटपाथवर जा असं सांगितल्यावर कोण जाईल? पाडकामाची तरतूद आणि पुनर्वसनाची तरतूद या दोन ओळी वहीत शेजारी शेजारी लिहा.

भांडवली आणि महसुली: खरी गोष्ट इथे आहे

भांडवली खर्चातून वस्तू येते, महसुली खर्चातून ती चालते. नवी शिडीची गाडी भांडवली. तिचा चालक, तिचं हायड्रॉलिक तेल, तिचे टायर, तिच्या ऑपरेटरचं प्रशिक्षण हे महसुली. गाडीचं लोकार्पण होतं, फोटो येतात. तेलाचं लोकार्पण कुणी करत नाही, म्हणून ती ओळ तुम्हीच बघायची आहे.

मी एकदा सोसायटीतल्या मुलांना घेऊन एका अग्निशमन केंद्रात गेले होते. मुलांना गाड्या दाखवायच्या होत्या. शेडमध्ये एक उंच शिडीची गाडी उभी होती, पुढच्या काचेवर धुळीचा जाड थर, त्यात कुणीतरी बोटाने काढलेला बाण. एका मुलाने विचारलं, ही वर जाते का? ड्युटीवरचे काका म्हणाले, “जाते बाळा, पण चालवणारा माणूस सध्या दुसऱ्या केंद्रावर असतो.” मग ते आम्हाला जुन्या गाडीकडे घेऊन गेले आणि तिचा प्रत्येक नळ, प्रत्येक झडप त्यांनी इतक्या मायेने दाखवली की मुलं तासभर हलली नाहीत. त्या माणसांची कसूर कुठेच नव्हती. एका ओळीत पैसे होते, दुसऱ्या ओळीत नव्हते.

हा हिशेब तुम्ही घरी करू शकता. एक जागा चोवीस तास भरायची तर आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या २१ पाळ्या. एक माणूस साप्ताहिक सुटी धरून ६ पाळ्या करतो. म्हणजे एका जागेला साडेतीन माणसं. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं तर चारच्या वर. एका गाडीवर चालक धरून सहा जण हवेत असं मानलं तर ती एक गाडी चोवीस तास तयार ठेवायला साधारण २४-२५ माणसं लागतात. आता बजेटमधला ‘नवीन चार वाहने’ हा शब्द वाचा आणि त्याच पुस्तकात शंभरेक नव्या माणसांचा पगार कुठे दिसतो का बघा.

दिसत नसेल तर कारण बहुधा आस्थापना खर्चाच्या ३५ टक्क्यांच्या मर्यादेत असतं. पगार आणि निवृत्तिवेतनाचा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर गेला की नव्या भरतीला शासन सहजी मान्यता देत नाही. मग जागा ‘आकृतिबंधात (म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात) मंजूर, प्रत्यक्षात रिक्त’ राहतात आणि ठेक्याने माणसं घेतली जातात. ठेक्यावरच्या माणसाचा खर्च पगारात न दिसता ‘बाह्ययंत्रणेद्वारे मनुष्यबळ’ अशा शीर्षात दिसतो. तोही वहीत घ्या. ठेक्याची मुलंही जिवावर उदार होऊन आगीत शिरतात, म्हणून त्यांचा विमा आणि त्यांचं प्रशिक्षण कुठल्या ओळीत आहे ते विचारणं आपलं कर्तव्य आहे असं मला मनापासून वाटतं.

केंद्रं किती हवीत? केंद्र सरकारच्या नगररचनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूत्रांत दर २ लाख लोकसंख्येमागे एक अग्निशमन केंद्र किंवा उपकेंद्र सुचवलंय, तेही १ ते ३ किलोमीटरच्या टप्प्यात. वसई-विरारची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या सुमारे १२.२ लाख, म्हणजे त्या वेळच्याच माणसांना सहा केंद्रं लागली असती, आणि त्यानंतर शहर कुठल्या कुठे पसरलंय. तुमच्या शहराचा भागाकार करा, विकास आराखड्यात ‘अग्निशमन केंद्र’ म्हणून आरक्षित भूखंड कुठे आहेत ते बघा, आणि त्यातल्या कितींवर आज काय उभं आहे ते पायी जाऊन पाहा.

जमेची बाजूही उघडा

खर्च वाचून लोक पुस्तक मिटतात. पण माझा मूळ प्रश्न कराचा होता, आणि त्याचं उत्तर जमेच्या पानांत आहे. तिथे अग्निशमन कराची वसुली एका ओळीत सापडेल. दुसरी ओळ असते इमारतींना ना हरकत दाखला देताना घेतलेल्या अग्निशमन शुल्काची. टॉवरवर टॉवर उभ्या राहणाऱ्या शहरात ही दुसरी रक्कम पहिलीपेक्षा कितीतरी मोठी असू शकते. दोन्हींची बेरीज करा आणि अग्निशमन विभागाच्या प्रत्यक्ष खर्चाशेजारी मांडा. जमा जास्त आणि खर्च कमी असेल तर आगीच्या नावाने गोळा केलेला पैसा इतरत्र गेला, एवढं तुम्ही आकड्यानिशी सांगू शकता.

बाकी जमा समजायला दोनच गोष्टी पुरेत. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून महानगरपालिकांना राज्याकडून नुकसानभरपाई मिळते; २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दर वर्षी ८ टक्के वाढ. हे उत्पन्न बऱ्यापैकी भरवशाचं. विकास शुल्क आणि मालमत्ता कराची थकबाकी मात्र फुगवून दाखवता येते. अंदाजाइतकं उत्पन्न आलं नाही की पगार, वीजबिल, कर्जाचे हप्ते थांबवता येत नाहीत. कात्री दुरुस्तीला आणि खरेदीला लागते. ज्या वर्षी उत्पन्नाचा अंदाज गेल्या प्रत्यक्षापेक्षा अचानक दीडपट झालेला दिसेल, त्या वर्षी सुरक्षेच्या ओळींवर जास्त लक्ष ठेवा.

अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली, त्यात राज्याला आपला वाटा घालायचा होता. तुमच्या शहराने प्रस्ताव पाठवला होता का, हा एक प्रश्न यादीत ठेवा.

माहिती अधिकाराचा अर्ज

पुस्तकात जे मिळत नाही ते मागून घ्यावं लागतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. ‘अग्निशमन दलाची सर्व माहिती द्या’ असं लिहिलंत तर उत्तर येईल की माहिती विस्तृत आहे, कार्यालयात येऊन पाहावी. माझा मजकूर साधारण असा असतो:

“विषय: अग्निशमन विभागाचा खर्च व मनुष्यबळ. कालावधी: १ एप्रिल ते ३१ डिसेंबर. (१) विभागाच्या प्रत्येक लेखाशीर्षातील मूळ तरतूद व प्रत्यक्ष खर्च यांचा तक्ता. (२) मंजूर, भरलेली व रिक्त पदे, पदनामनिहाय; ठेक्यावरील कर्मचाऱ्यांची संख्या. (३) वाहनांची यादी, प्रत्येकाचे खरेदी वर्ष व ३१ डिसेंबर रोजीची स्थिती: चालू किंवा नादुरुस्त. (४) वर्दी पुस्तकातील या कालावधीतील आगीच्या नोंदींच्या प्रती, वर्दी मिळाल्याची व घटनास्थळी पोहोचल्याची वेळ दिसेल अशा.”

चौथा मुद्दा सोन्याचा आहे. वर्दी पुस्तक, म्हणजे आगीची खबर आली की ती लिहायची नोंदवही, प्रत्येक केंद्रात असतं आणि त्यात वेळा लिहिलेल्या असतात. तुमच्या भागात गाडी पोहोचायला सरासरी किती मिनिटं लागली हे त्यावरून तुम्हीच काढू शकता. बजेटमधला कुठलाही आकडा याच्या इतका बोलका नाही. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. ते विनाविलंब करावं, चिडून पत्रं लिहिण्यात मुदत जाते.

बोलायचं कधी

फेब्रुवारीत बजेट सादर झाल्यावर लोक जागे होतात. तोवर उशीर झालेला असतो. पावसाळा सरता सरता विभाग आपापल्या मागण्या बांधायला लागतात. सूचना द्यायची ती वेळ. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे, तिथे लोक आपल्या प्रभागातली छोटी कामं अर्ज भरून सुचवतात. तुमच्याकडे अशी सोय नसेल तरी विभागप्रमुखाला आणि आपल्या नगरसेवकाला लेखी पत्र देऊन पोच घेता येते. पत्रात मागणी एकच ठेवा, शक्य तर महसुली: अमुक केंद्रातल्या वाहन दुरुस्तीची तरतूद इतकी करा.

पुढे आयुक्त स्थायी समितीला अंदाजपत्रक सादर करतात. करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. समितीच्या फेरफारांसह ते सर्वसाधारण सभेत जातं आणि ३१ मार्चपूर्वी मंजूर होतं. मधली काही वर्षं बहुतेक महानगरपालिकांवर प्रशासक होते. सादर करणारा आणि मंजूर करणारा एकच, त्यामुळे प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या. आता तुमच्या प्रभागात निवडून आलेली माणसं आहेत आणि पहिल्या वर्षी ती शिकायच्या मनःस्थितीत असतात. तुमचं वहीतलं पान त्यांना द्या. मी दिलं तेव्हा समोरच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “हा डिसेंबरचा रकाना कुठून काढलात?”

नालेसफाईचा हिशेब वेगळा आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि पाऊस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दारात असतो. म्हणजे टेंडर फेब्रुवारी-मार्चमध्येच निघायला हवं. महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर निविदेची तारीख कुणालाही पाहता येते. ती मेच्या मध्यावर दिसली तर समजून चला की मोठे नाले जेमतेम होतील आणि आतली गटारं तशीच राहतील. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्याखाली होतं. त्यानंतर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या समितीने पूर का येतो याचा अभ्यास केला आणि धारण तलावांचा, म्हणजे पावसाचं जादा पाणी साठवून धरणाऱ्या तलावांचा, उपाय पुढे आला. असा अहवाल तुमच्या शहराचा असेल, तर त्यातली एकेक शिफारस बजेटच्या भांडवली कामांच्या यादीत शोधा आणि वहीत तिच्यापुढे बरोबर किंवा फुली करा.

आपल्या दाराशी

एवढं सगळं मागताना आपली बाजू स्वच्छ हवी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, ते परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. आमच्या सोसायटीच्या फाइलमध्ये मी शोधलं तेव्हा शेवटचा फॉर्म बी चार वर्षांपूर्वीचा होता. गच्चीवर गेले तर पाइपचं पितळी तोंड चोरीला गेलेलं, होजची पेटी उघडी, आत कबुतराचं घरटं. त्या रात्री जवान वर पोहोचले असते तरी आमच्या पाइपातून थेंब पाणी आलं नसतं.

पंपाची दुरुस्ती, नवी तोंडं, दोन होज, मीटर रूममधलं वायरिंग आणि एजन्सीची फी, असा खर्च सर्वसाधारण सभेत मांडला. पहिल्या सभेत नामंजूर झाला. दुसऱ्या सभेत मी सोसायटीचं स्वतःचं अंदाजपत्रक पाच रकान्यांत मांडून नेलं: रंगकामाची तरतूद, त्यातला प्रत्यक्ष खर्च, आगीसाठीची तरतूद शून्य. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हात वर केला, मग बाकीच्यांनी. आता जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझी दोन कामं ठरलेली असतात. एजन्सीच्या माणसाला गच्चीवर नेऊन पंप चालू करून पाहते, आणि त्याच दिवशी दुपारी ३१ डिसेंबरच्या आकड्यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकते.